आकाशलहरी जनतेच्या, कुलपे कंपन्यांची

मे २०२५ मध्ये केंद्रीय दूरसंचार खात्याने सहा गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचा खालचा भाग, म्हणजे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्‌झ, परवान्याविना वापरण्यास खुला करणाऱ्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. घरातील उपकरणाने किती शक्तीने प्रक्षेपण करावे, घराबाहेर किती करावे, नौकेत, विमानात आणि वाहनात काय चालेल व काय चालणार नाही, याचा तपशील त्या मसुद्यात होता. वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली, ती वाय-फायचा वेग वाढणार एवढ्यापुरतीच. परंतु या मसुद्यामागे जो खरा प्रश्न उभा आहे तो वेगाचा नाही, सत्तेचा आहे. राजपत्रात छापलेला नियम घराच्या कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या पेटीकडून पाळून घ्यायचा कोणी? नियम करणाऱ्या शासनाने, पेटी विकणाऱ्या कंपनीने, की त्या पेटीतील आज्ञावली लिहिणाऱ्या आणि वापरणाऱ्या नागरिकाने? गेल्या वीस वर्षांत जगात या प्रश्नावरून जो झगडा झाला त्याचा बोध भारताने वेळीच घेतला नाही, तर लहरी जनतेच्या आणि कुलपे कंपन्यांची अशी विपरीत अवस्था येथेही आल्यावाचून राहणार नाही.

प्रश्न तांत्रिक दिसतो. म्हणूनच तो तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्याची प्रवृत्ती बळावते. वस्तुतः त्याचे मूळ अगदी साध्या व्यापारी हिशेबात आहे. जुन्या काळी प्रक्षेपक यंत्र कोणत्या वारंवारतेवर बोलणार हे त्यातील स्फटिकाने आणि तारेच्या वेटोळ्याने ठरत असे. ते बदलायचे तर यंत्र उघडावे लागे. आजच्या बिनतारी चिपचे तसे नाही. एकच चिप अमेरिकेत, जपानात, जर्मनीत आणि भारतात विकता यावी म्हणून ती अनेक देशांच्या पट्ट्यांत बोलू शकेल अशी घडविली जाते, आणि कोणत्या देशात तिने कोठे गप्प बसावे हे आज्ञावलीतून सांगितले जाते. देशोदेशी वेगवेगळी चिप करण्याचा खर्च कंपन्यांनी वाचविला. या वाचलेल्या खर्चातूनच नियमनाचा पेच निर्माण झाला, हे प्रथम लक्षात ठेवले पाहिजे.

देशोदेशींचे नियम खरोखरच भिन्न आहेत. सर्वांच्या परिचयाच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात अमेरिकेत सामान्यतः पहिल्या अकरा वाहिन्या वापरल्या जातात. युरोपात आणि भारतात तेरा वापरता येतात. जपानमध्ये चौदावीही होती, पण ती केवळ जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणापुरती. याच पट्ट्यात युरोप १०० मिलिवॅट इतक्या परिणामी शक्तीवर मर्यादा घालतो, तर भारताच्या जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने चार वॅटपर्यंत मुभा दिली. पाच गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात भारताने दीर्घकाळ हात आखडता घेतला होता. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने एकंदर ६०५ मेगाहर्ट्‌झ परवान्यातून मुक्त केले आणि घराबाहेरच्या वापरालाही वाट करून दिली. म्हणजे एका देशात जे कायदेशीर ते दुसऱ्या देशात बेकायदा, आणि काल जे बेकायदा ते आज कायदेशीर. चिपला देशाच्या सीमा कळत नाहीत. तिला त्या सांगाव्या लागतात. सांगण्याचे हे काम जी आज्ञावली करते तिला ड्रायव्हर म्हणतात. संगणकाचा मूळ कारभार आणि बिनतारी यंत्र यांच्यामधला तो दुभाषा होय.

या मर्यादा म्हणजे नोकरशाहीची हौस आहे असे कोणी समजू नये. २ ऑगस्ट १९८५ रोजी अमेरिकेत डॅलस विमानतळावर उतरू पाहणारे एक प्रवासी विमान वादळी ढगातून अकस्मात खाली कोसळणाऱ्या वाऱ्याच्या झोतात सापडले आणि १३७ जणांचा बळी गेला. त्यानंतर तेथील विमानतळांजवळ असे झोत आधीच टिपणारी खास डॉप्लर रडार उभारली गेली. ही रडार ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्‌झमध्ये काम करतात, आणि वाय-फायचा पाच गिगाहर्ट्‌झचा पट्टा त्यांना वेढून आहे. म्हणून या भागातील वाहिन्या वापरणाऱ्या उपकरणाने प्रथम किमान एक मिनिट नुसते ऐकावे, रडारची चाहूल लागली तर दहा सेकंदांत ती वाहिनी सोडावी, आणि पुढे अर्धा तास तिकडे फिरकू नये, असा नियम आहे. हवामान रडारच्या वाहिन्यांवर युरोपात तर हे प्राथमिक ऐकणे दहा मिनिटांचे असते. २००९ च्या सुमारास पोर्तो रिकोतील सॅन व्हान येथे बिनतारी सेवेच्या उपकरणांनी रडारच्या चित्रात व्यत्यय आणल्याचे आढळले, तेव्हा हा धोका कागदावरचा नाही हे सिद्ध झाले.

मुंबईला या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला त्या वेळी या महानगराजवळ डॉप्लर रडार नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये वेरावली येथे जे दुसरे रडार कार्यान्वित झाले ते सी पट्ट्यातील आहे, आणि या पट्ट्यातील हवामान रडार सामान्यतः वाय-फायच्या याच शेजारात चालतात. ज्या शहरात ढगफुटीची वर्दी अर्धा तास आधी मिळणे म्हणजे शेकडो झोपडपट्टीवासीयांच्या जिवाचा प्रश्न असतो, त्या शहराचे रडार कोणाच्याही राउटरने आंधळे होता कामा नये. तेव्हा नियम हवेत की नकोत, हा वादच नाही. नियम हवेत, आणि ते काटेकोरपणे पाळले गेले पाहिजेत. वाद आहे तो नियमपालनाच्या नावाखाली जनतेच्या हातून आणखी काय काय काढून घ्यायचे, याविषयीचा.

या वादाचा पहिला अंक २००६ ते २००८ या काळात घडला. लिनक्स ही हजारो स्वयंसेवकांनी व संस्थांनी मिळून लिहिलेली, कोणालाही वाचता, तपासता आणि सुधारता येणारी संगणक-प्रणाली. बिनतारी चिप बनविणाऱ्या बड्या कंपन्या तिच्यासाठी उघडे ड्रायव्हर द्यायला तयार नव्हत्या. ॲथेरॉस कंपनीचा ड्रायव्हर वरवर उघडा होता; पण त्याचा गाभा बंदिस्त होता. इंटेलने आपल्या एका वाय-फाय कार्डासोबत एक बंद आज्ञावली देऊन ती सतत चालू ठेवण्याची अट घातली. कारण दोघांचेही एकच होते. वारंवारता व शक्ती यांवरील सरकारी मर्यादा लोकांनी मोडू नयेत, म्हणून हा भाग झाकणे भाग आहे, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेच्या संघीय संचार आयोगानेही २००७ मध्ये असा अभिप्राय दिला की, ज्या यंत्राची सुरक्षितता सर्वस्वी मुक्त आज्ञावलीवर विसंबून आहे, त्याला आपण पुरेसे सुरक्षित असल्याचे सिद्ध करणे अधिक जड जाईल. झाकलेले ते सुरक्षित आणि उघडे ते संशयास्पद, असा हा न्याय होता. जगातील संकेतशास्त्राचा अनुभव नेमका याच्या उलट आहे.

पुढे काय घडले? ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीच्या कार्यकर्त्यांनी ॲथेरॉसच्या चिपचे वर्तन निरखून त्या बंदिस्त गाभ्याला स्वतंत्र पर्याय लिहिला. तो चोरीचा नाही, हे २००७ मध्ये वकिलांच्या तपासणीत स्पष्ट झाले. २००८ मध्ये लिनक्समध्ये पूर्णतः उघडा ड्रायव्हर आला. त्याच वर्षी खुद्द ॲथेरॉसने आपल्या नव्या चिपसाठी उघडा ड्रायव्हर दिला आणि जुन्या गाभ्याची संहिताही खुली केली. त्यामुळे आभाळ कोसळले नाही. विमाने आकाशातून पडली नाहीत. जी गोष्ट कायद्यामुळे अशक्य आहे असे काल सांगितले जात होते, ती व्यापारी निर्णय फिरताच एका वर्षात शक्य झाली. कायद्याची ढाल पुढे करून मक्तेदारी आपले व्यापारी गुपित कसे राखते, याचा एवढा स्वच्छ नमुना क्वचितच मिळेल.

दुसरा अंक २०१५ चा. मार्च महिन्यात अमेरिकी आयोगाने उत्पादकांसाठी एक मार्गदर्शक टिपण काढले. पाच गिगाहर्ट्‌झच्या उपकरणाला मान्यता हवी असेल तर त्रयस्थांनी तयार केलेली आज्ञावली त्यात बसविता येऊ नये म्हणून कोणती तजवीज केली आहे ते सांगा, असे त्यात विचारले होते. आणि त्रयस्थाचे उदाहरण म्हणून डीडी-डब्ल्यूआरटी या मुक्त आज्ञावलीचे थेट नाव घेतले होते. आयोगाला रोखायचे होते ते बेकायदा प्रक्षेपण. पण उत्पादकाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त उपाय एकच होता: संपूर्ण पेटीलाच कुलूप ठोकणे. रेडिओचा भाग निराळा करून तेवढाच सुरक्षित करायला श्रम आणि पैसा लागतो. सगळे दार बंद करायला काहीच लागत नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या रेडिओ उपकरण निर्देशातही याच स्वरूपाचे एक कलम आहे. यंत्र आणि आज्ञावली यांची जोडी नियमांत बसते हे सिद्ध झाल्यावरच ती आज्ञावली यंत्रात जाऊ द्यावी, असा त्याचा आशय. ते लागू करण्यासाठी युरोपीय आयोगाने स्वतंत्र आदेश काढावा लागतो, एवढाच दिलासा.

या टिपणाविरुद्ध ज्यांनी आवाज उठविला ते कोणी उपद्रवी लोक नव्हते. इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ आणि जाळ्यांतील विलंबावर मूलभूत काम केलेले डेव्ह टाट यांच्या पुढाकाराने सुमारे २६० तज्ज्ञांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये आयोगाला निवेदन दिले. बंदी नको, उलट उत्पादकांवर आज्ञावलीची संहिता प्रसिद्ध करण्याची आणि सुरक्षेचे दोष ठराविक मुदतीत दुरुस्त करण्याची सक्ती करा, अशी त्यांची मागणी होती. नोव्हेंबरमध्ये आयोगाने खुलासा केला की मुक्त आज्ञावलीवर बंदी घालण्याचा आपला हेतू नाही, आणि टिपणातील ते नाव काढून टाकले. तरीही बाजारात कुलपे लागू लागलीच. टीपी-लिंक या कंपनीने आयोगाच्या नियमांकडे बोट दाखवून आपली उपकरणे बंद करण्यास प्रारंभ केला.

आणि मग ऑगस्ट २०१६ मध्ये प्रकरणाची खरी मेख बाहेर आली. याच टीपी-लिंक कंपनीला दोन लाख डॉलर भरून आयोगाशी तडजोड करावी लागली. अपराध कोणता? कंपनीच्या स्वतःच्या, मान्यताप्राप्त म्हणून विकलेल्या आज्ञावलीत देशाची निवड बदलण्याची सोय होती, आणि ती बदलली की २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात उपकरण अमेरिकेत मंजूर शक्तीपेक्षा अधिक शक्तीने बोलू शके. नियम मोडण्याचा दरवाजा कोणा मुक्त आज्ञावलीच्या कार्यकर्त्याने फोडला नव्हता. तो कारखान्यातच उघडा ठेवला गेला होता. तडजोडीच्या अटींत त्रयस्थांच्या आज्ञावलीला वाव देणारे उपाय योजण्याचे वचनही आयोगाने कंपनीकडून घेतले. हवामान रडारला अडथळा आणल्याबद्दल त्या देशात ज्यांना दंडाच्या नोटिसा गेल्या त्यांतही व्यापारी तत्त्वावर बिनतारी सेवा पुरविणाऱ्या कंपन्याच ठळकपणे दिसतात. संशय नागरिकावर आणि गुन्हा व्यापाऱ्याचा, हे या अंकाचे सार आहे.

मुक्त आज्ञावली लिहिणाऱ्यांनी स्वतः हा प्रश्न कसा हाताळला, हे पाहणे त्याहूनही उद्बोधक आहे. २००८ पासून लिनक्समध्ये प्रत्येक ड्रायव्हरने आपापल्या मगदुराप्रमाणे नियम लावण्याची पद्धत मोडून एक मध्यवर्ती व्यवस्था उभारली गेली. सर्व देशांचे नियम एका साध्या, कोणालाही वाचता येईल अशा तक्त्यात मांडले जातात. दोन अक्षरांच्या संकेताने देश ओळखला जातो. त्यापुढे कोणता पट्टा, किती रुंदी, किती शक्ती, रडारसाठी ऐकण्याची अट आहे की नाही, याची नोंद असते. नोंद बदलायची तर त्या देशाच्या शासकीय दस्तऐवजाचा आधार द्यावा लागतो, आणि हा सारा व्यवहार उघड्यावर चालतो. तयार झालेल्या तक्त्यावर तो सांभाळणाऱ्याची सांकेतिक स्वाक्षरी असते. प्रणालीचा गाभा ती तपासतो आणि मगच तक्ता स्वीकारतो.

त्यातील तत्त्व तर कोणत्याही विधिमंडळाने आदर्श मानावे असे आहे. उपकरण कोठे आहे हे ठाऊक नसेल तर ते साऱ्या जगात चालेल अशा अत्यंत सावध नियमाने वागते; संशयास्पद वाहिन्यांवर ते फक्त ऐकते, आपण होऊन बोलत नाही. कारखान्याने चिपमध्ये एक देश कोरला असेल आणि वापरणाऱ्याने दुसरा सांगितला, तर दोन्ही नियमांत जेवढे समान तेवढेच सामान्यतः स्वीकारले जाते. थोडक्यात, नागरिक आपल्यावरील मर्यादा अधिक कडक करू शकतो, सैल करू शकत नाही. ज्यांच्यावर बेजबाबदारपणाचा शिक्का मारला गेला त्यांनी कंपन्यांपेक्षा अधिक कसोशीने कायदा पाळणारी, आणि मुख्य म्हणजे तो पाळला जात आहे की नाही हे कोणालाही तपासता येईल अशी व्यवस्था उभी केली. बंद पेटी नियम पाळते की नाही हे केवळ कंपनीच्या शब्दावर मानावे लागते. उघड्या तक्त्यात चूक सापडली तर ती कोणीही दाखवू शकतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. संहिता उघडी असेल तर ही तपासणीच खोडून टाकणे एखाद्या जाणकाराला शक्य नाही काय? शक्य आहे. परंतु प्रत्येक मालमोटार कायद्याच्या वेगमर्यादेहून अधिक वेगाने धावू शकते, म्हणून कोणतेही सरकार तिचे बॉनेट वेल्डिंग करून बंद करीत नाही आणि दुरुस्तीचा हक्क केवळ कारखानदाराला देत नाही. वेग मोडणाऱ्याला ते दंड करते. बिनतारी लहरींचा अपराध डोळ्यांना दिसत नाही, अपराधी शोधणे कठीण जाते, हे खरे. पण म्हणूनच शासनाची देखरेख केंद्रे असतात, आणि त्यांना पुरेशी साधने व माणसे देणे हा त्यावरील उपाय आहे. शिवाय वारंवारता आणि शक्ती यांची बाह्य मर्यादा चिपच्याच पातळीवर पक्की करता येते. तेवढ्यासाठी उरलेली सारी पेटी, तिच्यातील संदेशांची वाटणी, सुरक्षितता, रांगेची व्यवस्था, ही कुलूपबंद करण्याचे काहीच कारण नाही.

अलीकडे कंपन्यांनी निराळी वाट धरली आहे. नियमनाचा निर्णय उघड्या ड्रायव्हरमधून काढून चिपमध्येच चालणाऱ्या बंद आज्ञावलीत नेला जातो. इंटेलची कार्डे आसपासच्या केंद्रांचे संकेत ऐकून आपण कोणत्या देशात आहोत याचा स्वतःच अंदाज बांधतात. शेजाऱ्याने परदेशातून आणलेल्या राउटरवरून अंदाज चुकला, तर कायद्याने मुभा दिलेल्या वाहिनीवरही यंत्र अडून बसू शकते. ही सक्ती बंद करण्याचा जो पर्याय ड्रायव्हरमध्ये होता तोही पुढे काढून टाकला गेला. राज्याने दिलेला अधिकार चिपने नाकारावा आणि त्यावर दाद मागायला कोणतीही कचेरी नसावी, ही परिस्थिती कोणत्याही लोकशाहीवाद्याला अस्वस्थ करणारी आहे. मर्यादा चिपमध्ये असाव्यात; पण त्या राजपत्राने ठरविलेल्या आणि जाहीर असाव्यात, कंपनीने अंदाजाने लावलेल्या आणि गुप्त नसाव्यात.

हे सारे पाश्चात्त्य छांदिष्टांचे भांडण आहे, गरीब देशाला त्याचे काय, असे म्हणणाऱ्यांनी भारताचाच इतिहास पाहावा. २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीने गंगेच्या खोऱ्यातील खेड्यांना साध्या वाय-फाय यंत्रांनी दूर अंतरावरून जोडण्याचा प्रयोग सुरू केला. २००५ मध्ये घराबाहेरील वापर मोकळा होताच धर्मशाळेच्या डोंगरात स्वस्त राउटरांवर मुक्त आज्ञावली चढवून लोकजाळे उभे राहिले. तमिळनाडूत थेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालयाने दूरच्या गावांतील तपासणी केंद्रे अशाच लांब पल्ल्याच्या दुव्यांनी जोडली. खेड्यातील रुग्ण तेथूनच डॉक्टरांशी समोरासमोर बोलू लागला. घरातल्या घरात वापरण्यासाठी घडविलेले वाय-फाय अनेक किलोमीटर अंतरावर अडखळते, कारण पोच मिळण्याची वाट ते फार थोडा वेळ पाहते. संशोधकांनी हा दोष दूर केला तो शक्ती वाढवून नव्हे, तर ड्रायव्हरमधील वेळेचा आणि पोचपावतीचा हिशेब बदलून. ड्रायव्हर बंद असता तर ते दुवे तसेच रखडले असते. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील गावांत मुंबईच्या आयआयटीने दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील रिकाम्या जागा वापरून ग्रामीण जोडणीचा प्रयोग केला, तोही प्रायोगिक परवाना घेऊन, कायद्याच्या चौकटीत राहून. जेथे कंपन्यांना नफा दिसत नाही तेथे जनतेला स्वतःच्या हातांनी यंत्र वळवून घ्यावे लागते. कुलूप लागले की पहिला बळी याच हातांचा जातो.

टिकाऊपणाचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा. ऑक्टोबर २०१७ मध्ये वाय-फायच्या सुरक्षेत मूलभूत दोष उघड झाला तेव्हा मुक्त आज्ञावलीच्या कार्यकर्त्यांनी काही दिवसांतच दुरुस्ती उपलब्ध करून दिली. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या राउटरांच्या वाट्याला मात्र ती आली नाही. ज्या कुटुंबाला दर तीन वर्षांनी नवी पेटी घेणे परवडत नाही, त्याच्या दृष्टीने पेटी उघडी असणे ही चैन नाही, गरज आहे.

कायद्याचा पाया तर भारतात केव्हाच घातला गेला आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निःसंदिग्ध निर्णय दिला की, आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियमन सार्वजनिक प्राधिकरणाने लोकहितासाठी केले पाहिजे. न्यायमूर्ती प. बा. सावंत त्या पीठावर होते. या तत्त्वाचा सरळ अर्थ असा की, लहरींचा ताबा सरकारनेही मनमानीने चालवू नये आणि कंपनीच्या हातीही तो जाऊ नये. रेडिओचा साधा संच बाळगायला टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे तो काळ मागे पडला. १९३३ च्या बिनतारी तार कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली. पण परवाना देणाऱ्या कारकुनाच्या जागी कुलूप लावणारी कंपनी येऊन बसणार असेल, तर हा बदल पुढे नेणारा म्हणता येणार नाही.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालविला, डॉ. लोहियांनी त्याला साथ दिली, आणि तो परक्या सत्तेचा कायदा मोडून चालविला. तो कायदा मोडणे हाच धर्म होता. आज कायदा लोकांनी निवडून दिलेल्या संसदेचा आहे, आणि हवामानाच्या रडारचे रक्षण करणारा नियम मोडणे यात कोणताही पराक्रम नाही. म्हणूनच येथे मागणी नियमभंगाच्या मुभेची नाही. नियम जनतेच्या नजरेखाली आणि जनतेच्या हातांनी पाळला जाण्याची आहे.

त्यासाठी चार गोष्टी तातडीने करण्याजोग्या आहेत. पहिली, दूरसंचार खात्याने आपले वारंवारतेचे नियम केवळ राजपत्राच्या भाषेत न ठेवता यंत्राला थेट वाचता येईल अशा अधिकृत तक्त्यातही प्रसिद्ध करावेत आणि बदल होताच तो अद्ययावत करावा. आज हे काम परदेशातील स्वयंसेवक अधिसूचना चाळून करतात, ही स्वतंत्र राष्ट्राला भूषणावह गोष्ट नव्हे. दुसरी, उपकरणाला मान्यता देताना बंधन रेडिओच्या मर्यादांपुरतेच असावे, आणि त्या निमित्ताने उरलेली आज्ञावली बदलण्यास मज्जाव करणे हेच नियमबाह्य ठरवावे. तिसरी, दंड कृतीला असावा, साधनाला नसावा. आणि कारखान्यातच पळवाट ठेवणाऱ्या उत्पादकाचा दंड चुकलेल्या नागरिकाहून अनेक पटींनी जबर असावा. चौथी, भारतनेटसाठी व सार्वजनिक वाय-फाय योजनांसाठी सरकारी पैशाने जी उपकरणे खरेदी होतात त्यांची संहिता खुली असावी. मुक्त आज्ञावली स्वीकारण्याचे धोरण केंद्र शासनाने मार्च २०१५ मध्येच जाहीर केले आहे. ते संगणकापाशी थांबून राउटरच्या दारातून परत फिरावे, याला काही तर्क नाही.

जमीन, पाणी आणि जंगल यांच्या बाबतीत या देशाने एक धडा महाग किंमत देऊन घेतला आहे. सार्वजनिक साधनसंपत्ती सार्वजनिक म्हणून जाहीर केल्याने ती लोकांची होत नाही. कालव्याचे पाणी कोणाचे हे कायद्याने ठरते. पण ते कोणाच्या शेतात जाते हे दरवाज्याचे चाक ज्याच्या हातात असते तो ठरवितो. आकाशलहरींच्या बाबतीत ते चाक म्हणजे काही हजार ओळींचा एक ड्रायव्हर आहे. त्या ओळी उघड्या राहतील, नियमाला बांधील राहतील आणि कोणालाही तपासता येतील, हे पाहणे आता संसदेचे, दूरसंचार खात्याचे आणि जागरूक नागरिकांचे काम आहे. नियम तयार होत असतानाच ते झाले पाहिजे; कुलूप एकदा बसले की किल्ली मागण्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा, हेही कंपनीच ठरविणार आहे.